एकाच तारखेला जन्मलेले पण गाण्यात दोन टोकांना असलेले कलाकार – जोड्या सांगा

खर्जातला_आवाज
४ ऑगस्टला सकाळपासून किशोरकुमार चालू होता, म्हणजे दरवर्षीच असतो, आणि रात्री सहज लुई आर्मस्ट्राँगबद्दल काहीतरी वाचायला घेतलं तर पहिल्याच ओळीत जन्म ४ ऑगस्ट १९०१, न्यू ऑर्लिन्स. किशोर ४ ऑगस्ट १९२९, खांडवा. मी उठून बसलो. कारण या दोघांमध्ये मला कधी काही साम्य वाटलं नव्हतं आणि आता तारीख एक निघाल्यावर एकदम दिसायलाच लागलं. शब्द संपले तरी दोघंही थांबत नाहीत, एकाचं यॉडलिंग, म्हणजे मधेच आवाज वर उडवणं, सुरू होतं आणि दुसऱ्याचं स्कॅट, म्हणजे ते निरर्थक अक्षरांचं गाणं. दोघांनीही लोकांना इतकं हसवलं की बऱ्याच जणांनी त्यांना विनोदवीरच समजून टाकलं आणि सुराकडे उशिरा लक्ष गेलं.

तर धागा यासाठी. तारीख एक पाहिजे, वर्ष काहीही चालेल, पण गाण्याचा प्रकार वेगळाच पाहिजे, दोन पॉपवाले आणून टाकू नका. आणि नुसती नावं नकोत, दोघांना पाठोपाठ ऐकून काय वाटलं तेही लिहा.

मेटलहेड_मी
माझी आवडती जोडी, २४ डिसेंबर. मोहम्मद रफी १९२४ आणि मोटरहेड या रॉक बँडचा लेमी १९४५.

पुढे काही लिहायची गरज आहे का?

तीनताल
आहे. लिहा. :)

मेटलहेड_मी
बरं. रफीसाहेब माईकसमोर हलायचेसुद्धा नाहीत, सगळं जे काही व्हायचं ते आवाजात. लेमी माईक डोक्याच्या वर लावायचा आणि मान मागे टाकून आकाशाकडे बघत गायचा. बास गिटार तो बाससारखी वाजवतच नसे, सरळ कॉर्ड झोडायचा, त्यामुळे बँडमध्ये गिटार एक आणि आवाज दोन गिटारींचा. आता ऐकून काय वाटलं म्हणाल तर आधी रफी मग लेमी असं ऐकलं तर कान जातात, उलटं ऐकलं तर रफीचा आवाज आणखी मऊ लागतो. उलटंच ऐका. ७० वा वाढदिवस झाला आणि चौथ्या दिवशी लेमी गेला, २८ डिसेंबर २०१५.

कोमल_गंधार
१६ सप्टेंबर घ्या. एम. एस. सुब्बुलक्ष्मी १९१६, मदुराई आणि बी. बी. किंग १९२५, मिसिसिपी.

ही मला नुसती योगायोगाची जोडी वाटत नाही, निदान ऐकताना तरी नाही. बी. बी. किंगला स्लाइड वाजवायला जमेना, म्हणजे ती काचेची किंवा धातूची नळी तारेवरून घसरवतात ते. त्याच्या नात्यातला बुका व्हाइट ते फार सुंदर करायचा. मग त्या आवाजाच्या मागे लागून याने डाव्या हाताच्या बोटानेच सूर हलवायला सुरुवात केली, तार ओढायची आणि मनगट थरथरवायचं. म्हणजे एका जागी सूर ठेवायचाच नाही, त्याला झुलवायचं. कर्नाटक संगीतात गमक याच कामासाठी असतं ना. दुसरं असं की तो गाताना गिटार वाजवत नसे. एक ओळ गायची, मग गिटारने उत्तर द्यायचं, परत गायचं. कर्नाटक मैफलीत गायिकेच्या ओळीमागून व्हायोलिन येतं तसंच. फरक इतकाच की इथे गायक आणि साथीदार एकच माणूस आहे.

(याच तारखेला नादिया बुलांजे पण, १८८७. फिलिप ग्लास, पियाझोला, क्विन्सी जोन्स सगळे तिचे विद्यार्थी.)

खर्जातला_आवाज
ताई, धागा सुरू केल्याचं सार्थक झालं.

मागच्या_बाकावरचा
२६ ऑक्टोबरला कोण आहे का? माझा वाढदिवस असतो म्हणून विचारतोय.

उरलेला_भागाकार
रंगाचा बेरंग करायला येतोय, क्षमस्व. खोलीत २३ माणसं असली की त्यातल्या कुठल्यातरी दोघांचा वाढदिवस एक असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त होते, ५०.७ टक्के. ५० माणसं असली तर ९७ टक्के. जगात नाव घेण्यासारखे संगीतकार हजारो, वर्षाचे दिवस ३६६, त्यामुळे प्रत्येक तारखेला डझनभर निघणारच. नसते निघाले तर आश्चर्य. तुम्ही लोक त्यातून गमतीशीर दोघं उचलताय आणि बाकीचे दहा कंटाळवाणे सोडून देताय.

मागच्या बाकावरच्यांसाठी, 'कुठल्याही दोघांचा' आणि 'माझ्या तारखेला कोणाचा' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्यासाठी २३ पुरत नाहीत, निम्मी शक्यता यायला २५३ माणसं लागतात.

मागच्या_बाकावरचा
म्हणजे नाही का कोणी?

तीनताल
@उरलेला_भागाकार गणित मान्य, पण आम्ही कुठे म्हणतोय की ग्रहांनी केलं. दहा कंटाळवाणे सोडून दोन निवडणं यालाच तर ऐकणं म्हणतात.

माझ्याकडून ९ मार्च. झाकीर हुसेन १९५१, ऑर्नेट कोलमन १९३०, सॅम्युएल बार्बर १९१०. फ्री जॅझवाला कोलमन आणि तो संथ करुण अडाजिओ लिहिणारा बार्बर एकाच दिवशी जन्मले हे पचायला मला वेळ लागला. कोलमनने ठरलेल्या कॉर्डच्या साखळीतून सुटका करून घेतली, सूर जिकडे नेईल तिकडे जायचं. झाकीरभाई बरोबर उलटे, सोळा मात्रांची चौकट एकदाही न मोडता आत असा काही गोंधळ घालायचे की समेवर येईपर्यंत आपला जीव टांगणीला. मी दोघांना पाठोपाठ ऐकलं, कोलमन मला नेहमी डोक्यावरून जातो, यावेळी तबल्यानंतर ऐकला तर पहिल्यांदा जरा आत शिरला.

पंचम_निषाद
पटापट काही, सविस्तर नंतर:
बप्पी लाहिरी आणि जिमी हेंड्रिक्स, २७ नोव्हेंबर (खोटं वाटतंय ना, तपासा). जगजित सिंग आणि 'स्टार वॉर्स'वाले जॉन विल्यम्स ८ फेब्रुवारी. हरिप्रसादजी आणि ब्लाँडीची डेबी हॅरी १ जुलै. बेगम अख्तर, यो-यो मा आणि रेडिओहेडचा थॉम यॉर्क ७ ऑक्टोबर, इथे तर तिघांचाही जीव दुःखातच रमतो. मल्लिकार्जुन मन्सूर आणि डिस्कोची राणी डॉना समर ३१ डिसेंबर. आणि पं. भीमसेन जोशी आणि अ‍ॅलिस कूपर, ४ फेब्रुवारी.

कोमल_गंधार
अ‍ॅलिस कूपर म्हणजे तो स्टेजवर गिलोटीन आणून स्वतःचं मुंडकं उडवून घ्यायचा तो? भीमसेनजींच्या शेजारी? अहो काहीतरी राखा.

पंचम_निषाद
मी नाही बसवलं ताई, तारखेने बसवलं. १९२२ आणि १९४८. आणि तान घेताना भीमसेनजींचे हात, मान, चेहरा आठवा, स्टेजवर स्वस्थ बसणारे तेही नव्हतेच.

रेकॉर्डवाला_काका
उशिरा आलो. धागा वाचला, मजा आली पण धागाकर्त्याच्या मूळ जोडीतच एक खडा आहे. लुई आर्मस्ट्राँग स्वतः जन्मभर आपली तारीख ४ जुलै १९०० सांगत आला, अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन आणि शतकाचं गोल वर्ष. १९७१ ला गेला तोवर सगळे तेच छापत होते. १९८० च्या दशकात न्यू ऑर्लिन्सच्या चर्चमध्ये त्याच्या बाप्तिस्म्याची नोंद सापडली आणि त्यात जन्मतारीख निघाली ४ ऑगस्ट १९०१. म्हणजे किशोरकुमार जिवंत असताना, त्याच्या बहुतेक वाढदिवसांना, ही जोडी अस्तित्वातच नव्हती.

खर्जातला_आवाज
काका हे माहीत नव्हतं. म्हणजे आर्मस्ट्राँगने स्वतः ४ ऑगस्ट कधी साजराच केला नाही?

रेकॉर्डवाला_काका
त्याच्या लेखी तो ४ जुलैचाच. पण आता नोंद आहे तर जोडी धरा, माझी हरकत नाही. जुन्या माणसांच्या तारखांना फार घट्ट धरू नये एवढंच. बीथोवेनचंही तेच, बाप्तिस्मा १७ डिसेंबर १७७० ला झाला एवढंच कागदावर आहे, जन्मतारीख आपण मागे मोजून १६ धरतो.

तीनताल
मग २१ मार्चचं काय करायचं? उस्ताद बिस्मिल्ला खान १९१६ आणि योहान सेबास्टियन बाख १६८५. मला वाटलं होतं याच्यावर कोणी बोट ठेवू शकणार नाही. गूगलनेही २०१८ च्या २१ मार्चला बिस्मिल्ला खानांचं डूडल केलं होतं आणि २०१९ च्या २१ मार्चला बाखचं, ते आपण दोन माप सूर टाकायचे आणि कॉम्प्युटर बाखच्या पद्धतीने बाकीचे आवाज भरून द्यायचा ते.

उरलेला_भागाकार
बोट ठेवतो. बाख जन्मला तेव्हा जर्मनीतल्या प्रोटेस्टंट राज्यांत जुनं ज्युलियन कॅलेंडर होतं, ते १७०० साली बदललं. १६८५ मध्ये दोन कॅलेंडरांत १० दिवसांचा फरक, म्हणजे आजच्या हिशेबाने बाख ३१ मार्चचा. आणि ३१ मार्चला हायडन बसलेला आहे, १७३२. झाली तुमची जोडी, दोघंही एकाच पेठेतले, नियमात बसत नाही.

तीनताल
तुम्ही माणूस आहात की कॅल्क्युलेटर.

कोमल_गंधार
मी २१ च धरणार. जगभर लोक बाखचा वाढदिवस २१ लाच करतात. आणि ही जोडी मोडायला जीव होत नाही, एक चर्चच्या ऑर्गनवर आणि एक विश्वनाथाच्या देवळात सनईवर, दोघांचं वाजवणं म्हणजे नोकरी, पूजा आणि रियाज तिन्ही एकातच. शिवाय दोघंही हवेवर चालणारी वाद्यं वाजवतात. ऑर्गनमध्ये श्वास भात्याचा, सनईत माणसाचा. बाखमध्ये तीन-चार आवाज एकदम चालतात आणि प्रत्येक आपल्या वाटेने, तर सनईत एक आवाज फिरणारा आणि बाजूला सूर धरून बसलेली दुसरी सनई. त्या न हलणाऱ्या सुरावर एवढं सगळं उभं राहतं. बाखच्या ऑर्गनच्या कामातही पायाने दाबून धरलेला एकच खालचा सूर कितीतरी वेळ चालतो आणि वर सगळा कल्लोळ, ते ऐका एकदा.

मेटलहेड_मी
तारीख हवी तशी बदलायची तर तमिळ संगीतकार इळैयराजाचं सांगतो. ते मूळ ३ जूनचे, १९४३. पण करुणानिधींचा वाढदिवसही ३ जून, आणि 'इसैज्ञानी' ही पदवी त्यांनीच दिलेली, म्हणून त्या दिवशी लोकांनी फक्त करुणानिधींना शुभेच्छा द्याव्यात अशा भावनेने राजासाहेबांनी स्वतःचा वाढदिवस २ जूनला करायला सुरुवात केली. आणि २ जूनला कोण आहे, एडवर्ड एल्गार, १८५७, शिवाय रोलिंग स्टोन्सचा चार्ली वॉट्स १९४१. सिंफनी लिहिणारा इंग्रज आणि २०२५ च्या मार्चमध्ये लंडनला जाऊन स्वतःची सिंफनी वाजवून घेणारे राजासाहेब एका तारखेला आले ते असे. धरायची का ही?

खर्जातला_आवाज
धरतो. बाकी सगळ्यांना तारीख मिळाली, यांनी स्वतः निवडली.

पंचम_निषाद
७ मे पण घ्या ना, ब्राम्स १८३३ आणि चायकोव्स्की १८४०.

खर्जातला_आवाज
नाही. दोघंही पाश्चात्य शास्त्रीय. नियम.

पंचम_निषाद
अहो पण दोघांचं एकमेकांशी अजिबात जमायचं नाही, चायकोव्स्कीने डायरीत ब्राम्सला काय काय म्हटलंय ते वाचा. १८८९ ला हॅम्बुर्गमध्ये ब्राम्स मुद्दाम एक दिवस जास्त थांबला, चायकोव्स्कीची पाचवी सिंफनी तालमीत ऐकली, मग बरोबर जेवले आणि तिथे ब्राम्सने तोंडावर सांगितलं की शेवटचा भाग आवडला नाही. भांडण हा वेगळा प्रकार धरा की.

खर्जातला_आवाज
बरं, भांडणाच्या कोट्यातून आत घेतलं. पुढचा.

मागच्या_बाकावरचा
२६ ऑक्टोबर... मी परत एकदा विचारून बघतो.

रेकॉर्डवाला_काका
८ सप्टेंबर कोणी घेतली नाही याचं नवल वाटतंय. आशाताई, १९३३. एवढं सगळ्यांना माहीत. त्याच तारखेला अंतोनिन द्वोर्झाक १८४१, भूपेन हजारिका १९२६, अमेरिकन कंट्री संगीताचा आद्यपुरुष जिमी रॉजर्स १८९७, पॅट्सी क्लाइन १९३२, आणि आजच्या पोरांची पिंक १९७९. एका तारखेला इतकी गर्दी मी दुसरीकडे पाहिली नाही.

यात मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत, जरा लांबण लागेल.

पहिली द्वोर्झाक आणि भूपेनदांची. द्वोर्झाक १८९२ ला न्यूयॉर्कच्या नॅशनल कॉन्झर्व्हेटरीचा प्रमुख म्हणून गेला, बोहेमियाचा माणूस. तिथे हॅरी बर्ले नावाचा कृष्णवर्णीय विद्यार्थी त्याला आपल्या लोकांची भक्तिगीतं, स्पिरिच्युअल्स, गाऊन दाखवायचा. द्वोर्झाकने १८९३ मध्ये जाहीरच सांगितलं की अमेरिकेचं पुढचं संगीत या गाण्यांवर उभं राहायला हवं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याची न्यू वर्ल्ड सिंफनी कार्नेगी हॉलमध्ये पहिल्यांदा वाजली. मग मधे पन्नासेक वर्षं सोडा. आसामचा एक पोरगा कोलंबिया विद्यापीठात पीएचडी करायला त्याच न्यूयॉर्कमध्ये येतो, तिथे कृष्णवर्णीय गायक पॉल रॉबसनला भेटतो, त्याचं मिसिसिपी नदीवरचं गाणं डोक्यात घेऊन घरी परततो आणि ब्रह्मपुत्रेच्या काठाला तेच विचारतो की इतकं सगळं बघून तू अशी गप्प कशी वाहतेस. म्हणजे ८ सप्टेंबरचे दोन परके, एकाच गावात, एकाच समाजाच्या गाण्यापाशी येऊन थांबले आणि ते दोघंही आपापल्या भाषेत घेऊन गेले. द्वोर्झाक वाद्यांत, भूपेनदा शब्दांत.

दुसरी गोष्ट खर्जातला_आवाज यांच्यासाठी. जिमी रॉजर्स आधी रेल्वेत ब्रेक लावणारा कामगार, क्षयाने १९३३ ला गेला, जेमतेम पस्तिशीत. याची ओळख कशाने तर यॉडलिंगने, ब्लूज गायचा आणि मधेच आवाज वर उडवायचा. किशोरकुमारने यॉडलिंग उचललं ते परदेशी रेकॉर्ड ऐकून, त्यात जिमी रॉजर्स आणि टेक्स मॉर्टन ही दोन नावं कायम सांगतात. आता १६ जुलै १९३०, लॉस एंजेलिस. जिमी रॉजर्सचं 'ब्लू यॉडल नंबर ९' रेकॉर्ड होतंय. ट्रम्पेटवर कोण आहे सांगा.

खर्जातला_आवाज
नाही हो काका

रेकॉर्डवाला_काका
लुई आर्मस्ट्राँग. पियानोवर त्याची बायको लिल. लेबलवर दोघांचंही नाव नाही, त्या काळी गोरा कंट्रीवाला आणि काळा जॅझवाला एका तबकडीवर दाखवणं कंपनीला परवडणारं नव्हतं. पण ट्रम्पेट लपत नाही. पुढे १९७० मध्ये, जायच्या आदल्या वर्षी, आर्मस्ट्राँगने तेच गाणं जॉनी कॅशबरोबर टीव्हीवर वाजवलं आणि तेव्हा मी वाजवलं होतं म्हणून सांगितलं.

तर तुमच्या ४ ऑगस्टचा एक आणि ८ सप्टेंबरचा एक तिकडे १९३० ला एका खोलीत. आणि ४ ऑगस्टचा दुसरा आणि ८ सप्टेंबरची आशाताई इकडे किती वर्षं, किती शेकडो गाणी, एका माईकपुढे.

तीनताल
काका 🙏

मेटलहेड_मी
हे वाचून दोनदा मोजलं. ४ ऑगस्ट + ८ सप्टेंबर तिकडे यॉडल आणि ट्रम्पेट. ४ ऑगस्ट + ८ सप्टेंबर इकडे यॉडल आणि आशाताई. फक्त यॉडल एका तारखेकडून दुसऱ्या तारखेकडे सरकलंय.

उरलेला_भागाकार
तरीही योगायोगच आहे. पण ती रेकॉर्ड ऐकली आत्ता, तीन वेळा.

कोमल_गंधार
मीही ऐकली. यॉडलची गंमत काय आहे तर छातीतला आवाज आणि वरचा पोकळ आवाज यांच्यामध्ये जिथे आवाज तडकतो ना, ती जागा आपल्याकडे गुरुजी वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत करून घेतात, कोणाला कळता कामा नये कुठून कुठे गेलो ते. आणि हे लोक नेमकी तीच जागा उघडी करून दाखवतात, तिच्यावर उड्या मारतात. किशोर कोणाकडे शिकला नव्हता म्हणूनच बहुतेक त्याला ती लपवायची असते हे माहीत नव्हतं. ट्रम्पेट मागून येतं ना तेव्हा तर मला आशाताईंच्या मुरक्याच आठवल्या, दुसऱ्याच्या ओळीत न घुसता शेवटाला हळूच चिमटा.

खर्जातला_आवाज
मी एका जोडीसाठी धागा काढला आणि माझ्याच जोडीतला अर्धा भाग काकांनी आधी मोडला आणि मग चौपट करून दिला. आता कोणी २९ फेब्रुवारीला आहे का ते सांगा, मग मी झोपतो.

उरलेला_भागाकार
आहे. रोसिनी, १७९२, ऑपेरावाला, आणि जिमी डॉर्सी, १९०४, स्विंग बँडवाला. १८०० हे लीप वर्ष नव्हतं त्यामुळे रोसिनीला चौथ्या वर्षी एक वाढदिवस मिळाला आणि पुढचा थेट बाराव्या वर्षी. ७६ वर्षं जगला, वाढदिवस मोजले तर अठरा.

पंचम_निषाद
तुम्ही मोजणारच. :D

मागच्या_बाकावरचा
शेवटचं विचारतो. २६ ऑक्टोबर. नसेल तर नाही म्हणा, राग नाही.

कोमल_गंधार
अरे देवा, तुम्ही केव्हापासून विचारताय, माझ्याही लक्षातून गेलं. आहेत ना. दोमेनिको स्कार्लाती १६८५, नेपल्स, आणि नेपल्समध्ये तेव्हा नवंच कॅलेंडर होतं त्यामुळे भागाकारांना इथे काही करता येणार नाही. हार्पसिकॉर्डसाठी साडेपाचशेच्या वर सोनाटा लिहिल्यात, बहुतेक चार-पाच मिनिटांच्या, आणि स्पेनमध्ये राहून त्यात गिटारचा झणत्कार आणला. मग महालिया जॅक्सन १९११, गॉस्पेल गाणारी, १९६३ ला वॉशिंग्टनच्या त्या मोर्चात मार्टिन ल्यूथर किंग यांच्या भाषणाआधी गायली होती. आणि पं. हृदयनाथ मंगेशकर, १९३७.

मागच्या_बाकावरचा
हृदयनाथ?? माझ्या तारखेला?

कोमल_गंधार
हो. आणि तीच गंमत बघा, त्यांच्या चाली गायकाला सरळ चालू देतच नाहीत, मधेच असा एखादा सूर ठेवतात की पाय अडखळावा. स्कार्लातीही तेच करतो, शांतपणे चाललेल्या ओळीत अचानक चुकल्यासारखा वाटणारा आघात. आधी स्कार्लाती ऐका, मग महालिया, हृदयनाथ शेवटी.

मागच्या_बाकावरचा
हेडफोन शोधतोय.